डॉ. कमल रणदिवे : पेशी जगवायला शिकवणाऱ्या शास्त्रज्ञ (जीवनपरिचय व पाठपूरक माहिती)



पेशीविभाजनाचा पाठ शिकवताना वर्गातलं एखादं चुणचुणीत पोरगं हमखास विचारतं, की अंगावरची जखम भरली की पेशी वाढायच्या थांबतात, मग कॅन्सरची गाठ का थांबत नाही? प्रश्न साधा वाटतो, पण आज जगभरच्या प्रयोगशाळा याच प्रश्नाच्या मागे आहेत. कॅन्सरच्या पेशीला ठार मारण्याऐवजी तिला म्हातारी करून टाकायची, म्हणजे ती जिवंत राहील पण पुन्हा दोनाच्या चार होणार नाही, असं औषध शोधायचं. त्वचेच्या कॅन्सरवर असे प्रयोग बरेच झाले आहेत. पण पेशीला थांबवणारं औषध शोधायचं तर आधी ती पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जिवंत ठेवता आली पाहिजे. हे तंत्र परदेशातून शिकून येऊन ज्यांनी मुंबईत त्याची प्रयोगशाळा उभी केली, त्या डॉ. कमल रणदिवे यांची आज ओळख करून घेऊ. ८ नोव्हेंबर २०२१ ला गूगलने आपल्या पहिल्या पानावर सूक्ष्मदर्शकाजवळ बसलेल्या एका बाईंचं चित्र लावलं होतं, आठवतं का? त्याच या.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्याचा. माहेरचं आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. आई शांताबाई. सगळी मुलं शिकली पाहिजेत, मुलीसुद्धा, असा वडिलांचा आग्रह. कमलताई हुजूरपागेत शिकल्या, अभ्यासात पहिल्यापासून हुशार. वडिलांच्या मनात होतं की हिने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टर मुलाशीच लग्न करावं. ताईंनी दोन्ही केलं नाही! फर्ग्युसनमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं आणि विशेष प्रावीण्यासह बी.एस्सी. झाल्या.

पालकहो, इथे जरा थांबा. बारावीनंतर मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून बी.एस्सी. घेतलेल्या मुलीकडे आपल्याकडे कसं बघतात, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. कमलताईंच्या बाबतीत तर डॉक्टरकीची वाट घरच्यांनीच आखून ठेवली होती. ती सोडून त्या झाडापानांकडे वळल्या. पुढे देशातल्या मोठ्या कॅन्सर संशोधन केंद्राच्या प्रमुखपदी त्या बसल्या, त्या पेशंट तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्याच.

त्यांचं एम.एस्सी. पुण्याच्या शेतकी कॉलेजातलं, साल १९४३. विषय ऐकाल तर गंमत वाटेल. सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशी आणि गुणसूत्रं! सीताफळ, रामफळ ही सगळी त्या कुळातली. अजिंठ्याच्या डोंगरातली सीताफळं आपण दरवर्षी चवीने खातो, पण त्यांच्या पेशीत किती गुणसूत्रं असतील हा विचार कोण करतो? आणखी एक तारीख बघा. गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी त्यांचं लग्न १३ मे १९३९ ला झालं. म्हणजे एम.एस्सी. लग्नानंतर चार वर्षांनी. पुढच्या शिक्षणात नवऱ्याची मोठी साथ होती. त्यांना एक मुलगा, अनिल.

लग्नानंतर बिऱ्हाड मुंबईत आलं. परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं होतं. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर. गोमंतकीय मराठी कुटुंबातले हे गृहस्थ म्हणजे भारतातल्या विकृतिशास्त्राचे पितामह. (विकृतिशास्त्र म्हणजे पॅथॉलॉजी, रोगट पेशी-ऊतींचा अभ्यास.) कमलताईंनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली काम सुरू केलं आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

खानोलकरांच्या एका कामाबद्दल इथे सांगायलाच हवं, कारण त्याचा आपल्या खान्देशी माणसाच्या कमरेशी संबंध आहे. माणसाच्या सवयी आणि कॅन्सर यांचं नातं ते शोधत होते. १९४५ साली त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात कमरेवरच्या त्वचेचा एक कॅन्सर त्यांनी नोंदवला. धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट आवळून नेसलं की तिथली कातडी घासत राहते, काळी-जाड पडते, मग जखम होते आणि फार थोड्या लोकांत पुढे त्या जखमेचा कॅन्सर होतो. वैद्यकाच्या पुस्तकात तो धोती कॅन्सर म्हणूनच गेला. पुढे डॉक्टरांना साडी नेसणाऱ्या बायकांतही तसंच दिसलं, परकराच्या नाडीच्या जागी. आपल्या घरातल्या आजीच्या कमरेवर नाडीचा काळा वळ असतो, बरोबर ना? त्याने लगेच घाबरून जायचं कारण नाही. नाडी जरा रुंद घ्यायची, सैल बांधायची, रोज थोडी वरखाली बांधायची. पण तिथली जखम काही आठवड्यांत भरलीच नाही, तर मलम लावत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

तर अशा गुरूंच्या हाताखाली कमलताई तयार झाल्या. खानोलकरांनीच त्यांना परदेशी जायला लावलं. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आहे. तिथे डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या शिष्यवृत्तीवर गेल्या, टिश्यू कल्चर शिकायला.

टिश्यू कल्चर हा शब्द जळगाव जिल्ह्यात समजावून सांगावा लागत नाही. रावेर, यावल, चोपड्याकडच्या मुलांना विचारा. ग्रँड नैनची टिश्यूची रोपं त्यांनी बांधावर उतरवून घेतलेली असतात. केळीच्या कंदातला कोंब घ्यायचा, निर्जंतुक बाटलीत साखर-क्षारांच्या खुराकावर वाढवायचा आणि एकाची शेकडो रोपं करायची. प्राण्यांच्या पेशींचं तंत्र याच जातीचं, पण एक मोठा फरक आहे आणि तो मुलांना जरूर सांगा. केळीच्या तुकड्यातून अख्खं झाड उभं राहतं. माणसाच्या त्वचेच्या तुकड्यातून माणूस उभा राहत नाही, फक्त त्वचेच्या पेशी वाढतात. शिवाय त्या भारी नाजूक. त्यांना बरोबर ३७ अंश तापमान लागतं. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो, ते त्यांना एक दिवस चालायचं नाही. क्षार, साखर, अमिनो आम्लं, रक्तद्रव, सगळं मापात लागतं. एखादा जिवाणू किंवा बुरशीचा कण आत शिरला की महिन्याभराची मेहनत नासलीच समजा.

डॉ. गाय यांच्या त्याच प्रयोगशाळेत १९५१ साली एक विलक्षण गोष्ट घडली होती. हेन्रिएटा लॅक्स नावाची एक कृष्णवर्णीय बाई, पाच लेकरांची आई, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरने आजारी होती. तिच्या गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत आला. आजवर माणसाच्या पेशी काही दिवस तग धरून मरत होत्या. या मात्र मरेनात. दिवसाला दुप्पट होत राहिल्या. हेन्रिएटा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेली, वय ३१. तिच्या पेशी हीला या नावाने आजही जगभरात वाढत आहेत. त्या घेताना ना तिला विचारलं गेलं, ना घरच्यांना. कुटुंबाला ही गोष्ट कळायला वीसहून जास्त वर्षं गेली. विज्ञानाची ही बाजूही आठवी-नववीच्या मुलांपुढे ठेवावी असं माझं मत आहे. लसी-औषधांची यादी सांगायची आणि त्या बाईचं नाव गाळायचं, हे बरं नाही.

कमलताई शिक्षण घेऊन परत आल्या. १९५२ मध्ये खानोलकरांच्या पुढाकाराने मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं होतं. तिथे त्या वरिष्ठ संशोधन अधिकारी म्हणून काम करू लागल्या. प्रायोगिक जीवशास्त्राची आणि टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा त्यांनी उभारली. उभारली हा शब्द आपण फार सहज लिहितो. पण पेशींचा खुराक असलेलं द्रव माध्यम आणि लागणारी रसायनं यांचाही प्रश्न होताच. १९६० च्या सुमारास त्यांनी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्रातले मदतनीस जमवून ही माध्यमं इथेच तयार केली. पुरस्काराच्या यादीत अशा कामाला जागा नसते, पण मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. कारण पेशी वाढल्या तरच पुढचं सगळं.

आता मुलांचा तो सुरुवातीचा प्रश्न घेऊ. इकडे मुंबईत ही प्रयोगशाळा रुळत होती, तेव्हाच अमेरिकेत फिलाडेल्फियाला लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड या दोघांनी १९६१ साली दाखवून दिलं, की माणसाची साधी, निरोगी पेशी भांड्यात साधारण ५० वेळा विभागते आणि मग थांबते. मरत नाही, थांबते! पसरट होते, फुगते, खातेपिते, पण विभागत नाही. २० विभाजनं झालेली पेशी गोठवून ठेवा, नंतर बाहेर काढा, ती उरलेलीच विभाजनं करते. हिशेब विसरत नाही. याला पेशीचं वार्धक्य म्हणतात, इंग्रजी शब्द सेनेसन्स. कॅन्सरची पेशी हा हिशेबच मोडून टाकते, म्हणून हीला पेशी थांबत नाहीत.

आणि हे वार्धक्य आपण सगळे अंगावर वागवतो बरं का. तुमच्या हातावर, गालावर तीळ आहे ना? त्वचेला रंग देणाऱ्या एका पेशीत चूक होते. पुष्कळ तिळांत ही चूक बी-रॅफ नावाच्या जनुकात असते. वाढ, वाढ असा हुकूम सुटतो. पेशी भराभर वाढतात, पण थोड्याच वेळात शरीराचा ब्रेक लागतो आणि त्या म्हाताऱ्या होऊन जागेवर थांबतात. म्हणून तो तीळ चाळीस वर्षं तेवढाच राहतो. तिळातल्या पेशींची ही अवस्था नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवून दिली. पी-१६ नावाचं प्रथिन हा त्यातला एक महत्त्वाचा ब्रेक. तोच निकामी झाला, तर त्या पेशींचा मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा सगळ्यात घातक कॅन्सर होऊ शकतो.

मग शास्त्रज्ञांनी विचार केला की तुटलेला ब्रेक औषधाने दाबता येईल का? इथे लहान रेणूंची औषधं कामाला येतात. प्रतिपिंडांसारखे मोठे रेणू सहसा पेशीच्या दाराबाहेरच राहतात. लहान रेणू पेशीच्या पडद्यातून आत सरकतो, आणि बऱ्याचदा साध्या गोळीने देता येतो. शोधण्याची रीत सोपी सांगतो. मेलॅनोमाच्या पेशी वाढवायच्या, बारीक बारीक खळग्यांच्या ताटलीत वाटायच्या, एका ताटलीत ९६ खळगे. प्रत्येक खळग्यात वेगळं रसायन. काही दिवसांनी बघायचं: कुठे पेशी मेल्या, कुठे तशाच वाढल्या, कुठे पसरट होऊन थांबल्या. म्हाताऱ्या पेशी ओळखायला एक खास रंगप्रक्रिया आहे, तीत त्या निळ्या दिसतात. निळा खळगा सापडला की ते रसायन पुढच्या परीक्षेला बसतं.

पेशीच्या विभाजनाची गाडी पुढे ढकलणारी सीडीके ४ आणि ६ ही प्रथिनं आहेत. त्यांना अडवणारं पाल्बोसिक्लिब नावाचं औषध अमेरिकेत २०१५ साली स्तनाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. मेलॅनोमाच्या पेशींवरही या जातीची औषधं वापरून पाहिली गेली आहेत आणि काही पेशी खरोखर म्हाताऱ्या होतात. पण गोष्ट इतकी सरळ नाही. म्हातारी पेशी गप्प बसत नाही, आजूबाजूला दाह वाढवणारी रसायनं सोडत राहते. कधी शेजारच्या चांगल्या पेशींनाच त्याचा त्रास, कधी कॅन्सरलाच मदत. म्हणून आधी पेशी म्हाताऱ्या करायच्या आणि दुसऱ्या औषधाने त्या साफ करायच्या, असे दुहेरी प्रयोग सुरू आहेत. मेलॅनोमाला फक्त म्हातारा करून बरं करणारी गोळी अजून दुकानात आलेली नाही. कुणी व्हॉट्सअॅपवर तसं पाठवलं तर विश्वास ठेवू नका.

तिळाबद्दल एक सूचना. तीळ अचानक वाढू लागला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, रंग बदलला, रक्त आलं तर दाखवून घ्या. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांत मेलॅनोमा मुळात कमी होतो, पण झाला तर बऱ्याचदा तळपायाला किंवा नखाखाली. शेतात अनवाणी चालणारा माणूस तळपायावरचा काळा डाग काट्याचा समजून सोडून देतो. म्हणून सांगितलं.

आता परत कमलताईंकडे. पेशींना वार्धक्य आणणाऱ्या औषधांवर त्यांनी काम केलं नव्हतं. त्यांचा रोख कॅन्सर होतो कशाने यावर होता. त्यासाठी त्यांनी उंदरांच्या शुद्ध वंशावर प्रयोग केले. स्तनाचा कॅन्सर, रक्ताचा कॅन्सर, अन्ननलिकेचा कॅन्सर हे त्यांचे विषय. संप्रेरकं आणि कॅन्सर पैदा करणारे विषाणू यांचा परस्परसंबंध त्यांनी तपासला. सुपारी आणि तंबाखू यांच्यावर सहकाऱ्यांबरोबर प्राण्यांवर प्रयोग करून त्यांनी १९७६ साली निबंध प्रसिद्ध केला. गुटख्याच्या पुड्या शाळेच्या कुंपणाबाहेर पडायला लागल्या त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट! मुलांना गुटखाबंदीची शपथ देताना हे नाव सांगा, शपथेला जरा वजन येईल.

कुष्ठरोगावरही त्यांचं काम आहे. डॉ. बापट आणि डॉ. खानोलकर यांच्याबरोबर कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळवलेला एक जिवाणू त्यांनी प्रयोगशाळेत वाढवला, त्याचा निबंध १९५८ चा. पुढे त्या जिवाणूपासून लस बनवण्याचं काम झालं. १९६४ साली त्यांना मेडिकल कौन्सिलचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार मिळाला, सुवर्णपदक आणि १५,००० रुपये. त्याच वर्षी वाटुमल फाउंडेशनचा पुरस्कारही. १९६६ ते १९७० त्या संशोधन केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. कर्करोगाची कारणं, पेशीजीवशास्त्र आणि रोगप्रतिकारशास्त्र असे नवे विभाग त्यांनी सुरू केले. १९८२ साली पद्मभूषण.

१९७३ साली त्यांनी अकरा सहकारी बायकांबरोबर इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन ही संस्था काढली. प्रयोगशाळेत मुली येतात, पण लग्न झालं, मूल झालं की गळतात, हे त्या रोज बघत होत्या. संस्थेचं मुख्य कार्यालय वाशीला आहे आणि तिथे नोकरी करणाऱ्या बायकांसाठी वसतिगृह आणि पाळणाघरही चालवलं गेलं. शास्त्रज्ञ बायकांची संस्था पाळणाघर चालवते यात मला तरी नवल वाटत नाही. आपल्या शाळेतल्या मॅडमना विचारा.

निवृत्तीनंतरचं काम आपल्याला जवळचं आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात राजूरला सत्यनिकेतन ही संस्था आहे. शिरपूर-साक्रीकडे जशा आदिवासी मुलांच्या आश्रमशाळा, तसाच तोही सह्याद्रीतला आदिवासी भाग. १९८९ साली, वयाच्या बहात्तरीत, कमलताईंनी तिथल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. काचेच्या भांड्यातली पेशी काय खाते याचा हिशेब आयुष्यभर ठेवला, आता वाडीतलं लेकरू काय खातं याची नोंद. गावातल्या बायकांना आरोग्याच्या कामासाठी तयार करणं आणि सरकारी योजना त्यांच्यापर्यंत नेणं हेही चालू होतं.

११ एप्रिल २००१ ला त्या गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हार्टवेल, हंट आणि नर्स या तिघांना पेशीविभाजनाची गाडी चालवणाऱ्या प्रथिनांच्या शोधाबद्दल नोबेल जाहीर झालं. त्यांच्या केंद्राची पुढची पिढी आज नवी मुंबईत खारघरला, टाटा मेमोरियलच्या अॅक्ट्रेक या संस्थेत काम करते आहे. दहावीनंतर बायोलॉजी घेऊन पण डॉक्टर न होता पुढे काय, असं एखाद्या मुलीने विचारलं, तर त्या संस्थेचं नाव तिला वहीत लिहून द्या. बी.एस्सी., एम.एस्सी. करून तिथे पीएच.डी.ला जाता येतं.